धोटा-कांडीचं बोलावणं

नलू परबला एका जागी बसलेली पाहिलंय असं सांगणारा माणूस लालबागच्या त्या चाळीत सापडायचा नाही. जेवतानासुद्धा बाईचा एक गुडघा दुमडलेला आणि दुसरा उठायच्या बेतात. लग्नात फोटोग्राफर हलू नका, हलू नका म्हणून ओरडत राहिला आणि ही नेमकी हलली. म्हणून घरात लावलेल्या त्या एकुलत्या एका फोटोत रामू परब नाकडोळ्यांनिशी स्वच्छ दिसतो आणि त्याच्या शेजारी शालू नेसलेला धूर उभा आहे. आता बाईने सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी पायाची फिरकी काही थांबली नाही. आणि त्यात हा पिक्चर आला. मग काय विचारता.

पिक्चर तिच्या नवऱ्यावरच होता. म्हणजे अर्धा तिच्या नवऱ्यावर आणि अर्धा धोंडू सावंतावर. दोघे एकाच गिरणीत, विणाई खात्यात, समोरासमोरच्या सांच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला. धोंडू आडवा नि धिप्पाड, रामू उभा नि किडकिडीत. सांच्यात तो धोटा इकडून तिकडे पळतो ना, त्याच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते. खात्यातल्या लोकांना तेवढं पुरलं. धोंडू झाला धोटा, रामू झाला कांडी. गिरणीच्या गेटवर, गणपतीच्या मांडवात, सत्यनारायणाच्या पूजेला, कुठेही उभे राहायचे आणि लोकांना हसवायचे. संपात घराघरांतली चूल विझायला आली होती, पण धोटा-कांडी आहेत म्हटल्यावर लोक उपाशी पोट धरून हसायला यायचे.

आणि नलू? नलूने त्यातला एकही खेळ धड बघितला नाही. बघेल कशी? लोक हसतील की नाही या काळजीने ती समोर बसूच शकायची नाही. मांडवाच्या मागे, जनरेटरच्या बाजूला येरझाऱ्या घालायची आणि कान आत. पहिला हशा आला की श्वास सोडायची. दुसरा आला की कनवटीची सुपारी तोंडात टाकायची. तिसरा आला की खेळ चालला म्हणून घरी भात टाकायला जायची. नवऱ्याची सगळी कला या बाईला पाठमोरी ठाऊक.

एक नक्कल मात्र तिला तोंडपाठ होती, कारण ती सगळ्या गिरणगावाला तोंडपाठ होती. दोन कामगार झोपलेले. धोटा डोळे मिटूनच विचारतो, कांड्या, भोंगा झाला काय रे? कांडी म्हणते, झाला. मग आपण कामावर का नाय? आपण झोपलोत. मग हे बोलतंय कोण? इथे रामू थांबायचा. असा थांबायचा, असा थांबायचा, की मांडवात कुणी खोकायचं नाही. लोकांना वाटायचं की हा विसरला. मग एक डोळा किलकिला करून म्हणायचा, हळू बोल, जाग आली तर जावं लागेल. त्या थांबण्यावर रामू परबचं अख्खं नाव उभं होतं.

रामू गेला. वर्षश्राद्ध व्हायच्या आत धोंडूने दुसरा एक पोरगा उभा करून धोटा-कांडीचा खेळ लावला. नलूला ते कुणीतरी मसाला गल्लीत, हातात अर्धा किलो मिरची असताना सांगितलं. त्या दिवसापासून कॉटन ग्रीनला राहणारा धोंडू आणि त्याची बायको मालन ही दोन माणसं नलूच्या जगातून बाद. इतकी वर्षं एका पंक्तीला जेवलेली, एकमेकींच्या पोरांना न्हाऊमाखू घातलेली माणसं. मरणादारी, तोरणादारी कुठे समोर आली तरी नलू छताकडे बघायची.

तर असा सगळा इतिहास, आणि त्यावर दादरची मेघना नावाची एक हुशार मुलगी पिक्चर काढते काय! ती नलूच्या खोलीत किती वेळा येऊन बसली. नलू भाजी निवडता निवडता, चहा गाळता गाळता सांगत गेली, मुलगी रेकॉर्ड करत गेली. दुसऱ्या कांडीची गोष्टही नलूने सांगितली, जरा तिखट घालूनच सांगितली. पिक्चरचं नाव ठेवलं ‘धोटा-कांडी’. लालबागच्या बसस्टॉपवर पोस्टर लागलं. अंधेरीला पहिला खेळ ठेवला, त्याला नलूला न्यायला खाली गाडी आली. नलू मोरपिशी रेशमी साडी नेसून, मुलगा विनीत आणि सून सलोनीबरोबर गॅलरीतून मिरवत खाली उतरली. सगळी चाळ कठड्याला टेकून बघत होती. नलूला वाटलं, कौतुकाने बघतायत.

अंधेरीत भोंग्याची नक्कल आली तशी नलू उठली. सवयच ती. बाहेर जाऊन येरझाऱ्या घालायला लागली, कान आत. पण ती मल्टिप्लेक्सची दारं, गादी शिवलेली. आतला आवाज म्हणून बाहेर येईना. सुटल्यावर मोठमोठी माणसं तिचा हात हातात घेऊन खूप सुंदर, खूप खरं म्हणून गेली. नलूने सलोनीला बाजूला घेतलं नि विचारलं, “हसले काय गो?”

सलोनी म्हणाली, “हसले ना, आई.” फार पटकन म्हणाली. नलू समजली.

तिथून जो घोर लागला! सलोनीने कौतुकाने फोनवर तिकिटांचं ते ॲप दाखवलं, ती मोठीच चूक झाली. त्यात थिएटरच्या खुर्च्या चौकोन चौकोन काढलेल्या असतात. विकलेली खुर्ची राखाडी, रिकामी खुर्ची पांढरी. लोअर परळच्या मॉलमधलं थिएटर घराला जवळचं, म्हणून नलू तेच उघडायची. शुक्रवारी पांढरं. शनिवारी बऱ्यापैकी पांढरं, मध्ये चार राखाडी ठिपके, दात पडल्यासारखे. डाळीला फोडणी देताना बघायची, दूधवाल्याला दार उघडताना बघायची. सून बिचारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असली तरी मागून हात यायचा, जरा बघू गो, एखादी भरली काय.

विनीतचं म्हणणं, शनिवार-रविवारी पडला तो पिक्चर गेला, आई, मनाला लावून घेऊ नकोस. पेपरातही छापून आलं की विनोदी नटांवरच्या पिक्चरला प्रेक्षक मिळेनात. आधी दिवसाला चार खेळ होते, मग दोन राहिले, मंगळवारी एकच राहिला, तोही सकाळी अकराचा, माणसं कामावर असताना. मेघनाचा फोन आला. दमलेल्या आवाजात तिने सांगितलं की शुक्रवारी मोठा हिंदी पिक्चर येतोय. गुरुवारच्या खेळाला माणसं दिसली तर एक शो ठेवतील, नाहीतर गिरणगावातून धोटा-कांडी उतरले. नलूने फोन ठेवला आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. तिला पैशाबियशाचं काही नव्हतं. तिला एकदा, दाराबाहेर उभं राहून, आपल्या माणसांचा हशा ऐकायचा होता. अंधेरीचा नाही, लालबागचा. गुरुवार गेला की तो कायमचा गेला.

मग ती चाळीवर चिडली. दुसरं कोण सापडणार? लागली एकेकाला आडून विचारायला. खालच्या मजल्यावरच्याने सांगितलं, बघायचाय, वेळ नाही होत. कोपऱ्यातल्या खोलीतली म्हणाली, मुलांची परीक्षा. परीक्षा संपून पंधरवडा झालेला, पोरं जिन्यात क्रिकेट खेळत होती. एकाने तर टीव्हीवर येईलच की म्हटलं, त्याच्याकडे नलूने असं बघितलं की तो आत जाऊन बनियनवर शर्ट घालून आला. शेवटी समोरच्या खोलीतल्या सुचित्राला तिने कपडे वाळत घालताना गाठलं. सुचित्रा गावडे म्हणजे चाळीचं आकाशवाणी केंद्र, पण त्या दिवशी तिचं तोंड चिमट्यांनी भरलेलं. एकेक चिमटा काढत, दोरीला लावत ती टाळत राहिली. चिमटे संपले तेव्हा इलाज उरला नाही.

“नलूताई, बोलू? तुम्ही बोलावलंत कुठे?”

नलूने तिला समजावलं की पिक्चरला काय बोलवायचं असतं, पोस्टर लागलंय बसस्टॉपवर, ढळढळीत दिसतंय.

“पोस्टर भिंतीला लावलंय,” सुचित्रा म्हणाली. “भिंतीने जावं मग. घरचं कार्य ना हे? तुम्ही गाडीत बसून गेलात, मागे वळून साधं ‘या’ नाही म्हणालात. आता माणसाने आगंतुकासारखं जायचं काय?”

झालं. अख्खं गिरणगाव अडून बसलं होतं ते या एका शब्दापायी. कुणाला पास हवा होता, कुणाला मान, पण बहुतेकांना नुसतं ‘या’ हवं होतं. आणि नलू इकडे वरमाईसारखी घरात बसून, लोक आपले आपण येतील म्हणून वाट बघत होती. बारशाला, मुंजीला, पाचव्या-सहाव्या गावच्या लग्नाला अक्षता घेऊन दारोदार फिरलेली बाई, आणि नवऱ्याच्या कार्याला विसरली. जिन्याच्या पायरीवर ती मटकन बसली. सुचित्रा घाबरलीच, कारण बसलेली नलू तिने कधी बघितली नव्हती. पाणी आणायला आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर येते तो पायरी रिकामी.

बुधवारी सकाळी नलूने तीच मोरपिशी साडी काढली, स्टीलच्या डब्यात कुंकवाने माखलेल्या अक्षता घेतल्या आणि सलोनीला ऑफिसातून रजा घ्यायला लावली. पहिलं आमंत्रण देवाला, म्हणून चाळीच्या तोंडाशी असलेल्या गणपतीपुढे नारळ-सुपारी ठेवली. कोकणातल्या ग्रामदेवतेला इकडूनच हात जोडले, तिला यायला जमण्यासारखं नव्हतं. मग खोली खोली, चाळ चाळ. बायकांना कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि सांगायचं, उद्या अकराच्या शोला घरच्यांसकट यायचं, तिकीट तुमचं आणि मान माझा. पासाचा विषय कुणी काढला की ती विचारायची, लग्नाला आहेर आणता की नाही, तर तिकीट म्हणजे आहेर, आणि तो तुम्हाला थंड हवेत बसवून परत देतायत. पहिल्या दोन चाळींत सलोनी लाजेने अर्धी झाली होती. चौथ्या चाळीपर्यंत तीच पुढे होऊन दारं वाजवायला लागली. परळ झालं, करी रोड झालं. दुपारी दोघींनी उभ्या उभ्या वडापाव खाल्ला. नलूने हळूच ॲप बघायला लावलं. सगळं पांढरं.

उरलं कॉटन ग्रीन. सलोनीने टॅक्सी थांबवली. नलूचा पाय टॅक्सीभर शिवणयंत्रासारखा हलत होता.

दार मालनने उघडलं. अंग वाळलेलं, पण डोळे तेच, जिरं निवडल्यासारखे माणूस निवडणारे. आत कॉटवर धोंडू होता. पाय गेलेले, धिप्पाडपणाचा नुसता सांगाडा, पण दाढी गुळगुळीत केलेली.

“वाट सापडली काय गो शेवटाक?” मालन म्हणाली.

“बोलवूक इलंय. उद्या पिक्चराक येवक होया. दोघांनीय.”

“पिक्चराच्या कंपनीचो फोन इल्लो. फोनवर बोलवूक आमी काय गॅसवाले?” मालन दार धरूनच उभी. “आणि त्या पिक्चरात हेंनी दुसरी कांडी घातली ता दाखवल्यानी म्हणतत.”

“दाखवल्यानी. मीच सांगलंय.”

सलोनीला वाटलं, आता दार लागणार. पण मालनने उलट ते पूर्ण उघडलं.

“मगे पुढचा पण सांगूचा होता. ती कांडी बसलीच नाय. दोन खेळ केल्यानी, तिसऱ्याक मांडवापर्यंत गेले आणि परत इले. म्हणाले, रामू थांबायचो तितको ह्यो थांबणा नाय. त्या दिवसापासून तोंडाक रंग नाय लावल्यानी. तुका कोण सांगतला? तू छपराक बघत होतंस.”

नलू उभी होती, आणि सलोनी नंतर सगळ्यांना सांगत होती की आईंचा पाय त्या वेळी हलत नव्हता. डबा उघडा, बोट कुंकवात बुडवलेलं, आणि ते बोट काही पुढे जाईना. आतून धोंडूने विचारलं, कोण आलंय. मालननेच मग कपाळ पुढे केलं.

“लावतलंस, की असाच हातात धरून रवतलंस?”

नलूने लावलं. जरा जास्तच लावलं, नाकापर्यंत आलं. मग आत गेली, धोंडूच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, “भावोजी, येतलास ना?” त्याने अक्षतांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि मालनला विचारलं, “माझी काळी टोपी खंय गो?”

गुरुवारी साडेदहालाच नलू आणि सलोनी मॉलच्या त्या काचेच्या गारठ्यात जाऊन उभ्या. काळं कुत्रं नाही. सलोनीने फोन बघितला, पांढऱ्यावर पांढरं. खिडकीवरची मुलगी चांगली होती. तिने खालच्या आवाजात सांगितलं की एकही तिकीट गेलं नाही तर शो रद्द होतो, एक तरी घेऊन ठेवा. नलूने एक तिकीट घेतलं आणि मुठीत चुरगाळत चकरा मारायला लागली. पॉपकॉर्नपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून पॉपकॉर्नपर्यंत. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, काही हरवलंय का. अकराला दहा कमी. लोक ‘येतो’ म्हणाले होते, मान डोलावली होती, अक्षता घेतल्या होत्या. सलोनीने सुचित्राला फोन लावला.

तर काय सांगावं! सगळी चाळ तयार होती. पावडर लागलेली, गजरे माळलेले, पोरांचे भांग पाडलेले. आणि सगळे आपापल्या खोलीत कॉटच्या कडेवर बसून होते. का? तर आमंत्रण झालं, पण पानं वाढली म्हणून बोलवायला कुणी आलं नाही. कार्याच्या घरून ऐन वेळी ‘चला हो’ म्हणून माणूस येतो ना, तो आला नाही. दोन चाळी पलीकडेही म्हणे हीच कथा. ॲपवर तिकीट काढायचं कुणाच्या मनातही नव्हतं, आहेर काय कोणी आदल्या दिवशी पाठवतं?

नलूने सुनेच्या हातून फोन ओढला. “सुचित्रा, गॅलरीत जा आणि ओरड. पानं वाढली म्हणून ओरड.”

सुचित्राचा आवाज म्हणजे गिरण्या गेल्यावर लालबागला उरलेला एकच भोंगा. फोनमधूनही ऐकू आला. आणि करी रोडच्या पुलावरून ती वरात निघाली. कोण टॅक्सीत, कोण चालत, एक कुटुंब चौघं मिळून स्कूटरवर. मॉलचा सरकता जिना त्यांना बघून भांबावला असेल. म्हाताऱ्या एकमेकींचा पदर धरून चढत होत्या. खिडकीसमोर ही गर्दी, आणि प्रत्येकाला तिकीट समोरच्याचं काढायचंय, तू राहू दे, मी देतो, म्हणून झोंबाझोंबी. त्या मुलीने हात जोडले. शो अर्धा तास उशिरा सुरू झाला, जाहिराती लावून लावून संपल्या. सगळ्यात शेवटी लिफ्टमधून मालन आली, चाकांच्या खुर्चीवर धोंडूला घेऊन. त्याच्या डोक्यावर काळी टोपी, तिच्या कपाळावर कालचं कुंकू पुसट. त्याला बघून तिकिटाची भांडणं थांबली. कुणीतरी शिट्टी मारली.

सगळे आत गेले. नलू बाहेर राहिली.

गादीचं दार मिटलं आणि सगळं गप्प झालं. नलू येरझाऱ्या घालायला लागली. कान लावला, काही नाही. पाहुण्यांसारखे हातावर हात ठेवून बसले असतील, हसणं शोभत नाही म्हणून. तिने मनातल्या मनात पिक्चर पुढे सरकवला. आता गिरणीचं गेट झालं असेल. आता लग्न झालं असेल, त्यात ती धूर नव्हती, मेघनाने एक देखणी नटी घेतली होती. आता भोंगा. तिला धरवेना. तिने दार ढकललं आणि फटीत चप्पल घातली. दारावरची मुलगी धावत आली, आजी, आत जा नाहीतर बाहेर या. नलूने ओठावर बोट ठेवलं.

पडद्यावर दोघे झोपले होते. आपण झोपलोत, कांडी म्हणाली. पडद्यावरचा धोटा तोंड उघडणार, तेवढ्यात अंधारातून, चाकांच्या खुर्चीच्या बाजूने, एक जुना फाटका आवाज आला.

“मग हे बोलतंय कोण?”

धोंडूला राहवलं नाही. पडद्याच्या आधी बोलला. मग पडद्यावरचा धोटा तेच बोलला, आणि तेवढ्यात अख्ख्या थिएटरचा श्वास अडकला, कुणी खोकलं नाही, बरोबर तितका वेळ, रामूचा. मग कांडीने एक डोळा किलकिला केला. पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. हशा असा आला की दाराची फट आपसूक मोठी झाली. पॉपकॉर्नवाले वळून बघायला लागले.

दारावरच्या मुलीने विचारलं, आजी, रडताय का. नलूने कनवटीची सुपारी काढली आणि तोंडात टाकली. तिसरा हशा झाल्यावर ती घरी भात टाकायला निघाली होती, सलोनीने पदर धरून थांबवली.

पिक्चर पडलाच. म्हणजे पेपरवाल्यांच्या हिशेबात पडला, पुण्या-नाशकातून दुसऱ्या आठवड्यात उतरला. पण लोअर परळला शुक्रवारी एक शो राहिला, तोच सकाळचा अकराचा. गुरुवारी संध्याकाळीच सलोनीच्या खांद्यावरून हात आला, जरा बघू गो. शुक्रवार पांढरा होता. सलोनी म्हणाली, आई, आता तरी बसा, लालबाग बघून झालं, अजून कोण उरलं?

नलूच्या डोळ्यांपुढे गिरगाव आलं. फणसवाडीत चुलत नणंद मृणालिनी राहते. तिच्या वाडीत अजून कुणाला बोलावलेलं नाही, आणि त्या गिरगावकरांचं अवघड असतं, आधी फोन करून वेळ घेतल्याशिवाय अक्षतासुद्धा घेत नाहीत. नलूने डबा उघडून बघितला. तांदूळ होते, कुंकू संपत आलं होतं. ते आणायला ती जिना उतरली, एक चप्पल पायात आणि दुसरी घालता घालता.